विलायत दहा पावलांवर

मी ज्या शहरात दोन वर्षं शिकलो नाही, त्या शहराचा नकाशा अजून माझ्या लोखंडी पेटीत आहे. घड्यांवर फाटला म्हणून मागून खळ लावून कागद चिकटवला आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला कालवा लागतो. कालव्यावरचा पूल ओलांडला की कातड्यांच्या गुदामांची लांब गल्ली. गल्ली संपली की चढ, आणि चढाच्या माथ्यावर विद्यापीठ. तिथं निळ्या पेन्सिलीनं एक फुली मारलेली आहे. त्या फुलीपर्यंत मी हजारदा गेलो असेन. दुपारी जेवून आडवा झालो की अजूनही जातो. पुलावर धुकं असतं, खालून कोळशाची होडी जाते, आणि माझ्या अंगात लांब कोट असतो. शहराचं नाव लिहीत नाही. माझा त्या शहरावर राग आहे, आणि ज्याच्यावर राग आहे त्याची जाहिरात मी का करावी?

संपादकांचं पत्र आलं की जंगलमालाच्या धंद्यातल्या आठवणी दिवाळी अंकासाठी लिहा, वाघाच्या असल्या तर उत्तम. वाघ मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा त्याला माझ्यात काही रस वाटला नाही. तेव्हा हिरड्याची गोष्ट लिहितो. तिच्यात मला चांगलंच ओरबाडलेलं आहे.

हिरडा वाचकांना माहीत असतो तो खोकल्यावर चघळायचा. आमचा हिरडाही तोच, पण तो कातड्यासाठी जायचा. कच्चं कातडं कमावायला जो तुरटपणा लागतो तो या फळात असतो. अहेरी, आलापल्ली, सिरोंच्याच्या जंगलात थंडीत हे फळ पिकून गळतं. बायामाणसं टोपल्या घेऊन ते वेचत, खळ्यावर वाळवत आणि आठवडी बाजारात आणत. आम्ही ते घ्यायचं, निवडायचं, पोत्यांत भरून बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, रेल्वेवर पोचवायचं. तिथून मुंबई, मुंबईहून जहाज. माल ओळखायची रीत सोपी. फळ दगडावर ठेवून फोडायचं. आत पिवळं निघालं तर चांगलं. काळपट निघालं म्हणजे वाळवताना दव लागलं. पोत्याच्या तोंडाशी पिवळा आणि पोटात काळा माल भरणारे व्यापारी होते. मी भरला नाही. फार सज्जन होतो म्हणून नव्हे. माझी जीभ तिखट, शत्रू भरपूर, आणि इतके शत्रू असलेल्या माणसाला लबाडी परवडत नाही.

माझा बाप आरमोरीच्या धानाच्या गिरणीत हमाल होता. मी नागपुरात एका आडतीच्या दुकानात मुनीम राहून, त्याच दुकानाच्या माळ्यावर पोत्यांवर झोपून बी.कॉम. झालो. परत आलो तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि गडचिरोली जिल्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. आरमोरीत बी.कॉम. म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगता सांगता माझे सहा महिने गेले. शेवटी मी ते सांगणं सोडलं आणि अहेरीच्या बाजारात हिरडा तोलायचा काटा लावला.

भाव करायला मला रहीमभाईंनी शिकवलं. ते चांद्याचे, वयानं बापासारखे आणि धंद्यात माझे निम्म्याचे भागीदार. पान खाऊन लाल झालेले ओठ, गुडघे दुखरे, आवाज मात्र नदीच्या पलीकडून ऐकू येईल असा. ते म्हणायचे, "भाऊ, भाव तोंडानं नाई होत. पायानं होते."

त्याची रीत अशी. भाव पटला नाही की उठायचं. धोतर झटकायचं. चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावायचा. मग चालू लागायचं आणि मागं पाहायचं नाही. पाचव्या पावलाला समोरचा विचारात पडतो. सातव्याला बायकोकडे बघतो. दहाव्याला हाक मारतो. पहिल्या हाकेला वळायचं नाही, गरजू दिसतो. दुसऱ्या हाकेला वळायचं. आणि हाक आलीच नाही तर परत यायचं नाही. आपणहून परत आलेल्या माणसाला त्या बाजारात पुन्हा किंमत राहत नाही. मी ही रीत इतकी गिरवली की घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी पाटावरून उठायचो आणि दारापर्यंत पावलं मोजायचो.

या रीतीला एकच माणूस बधला नाही. अहेरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची कोवे आजी. टोपलीभर हिरडा, सोन्यासारखा पिवळा. तिनं भाव सांगितला, मी नाक मुरडलं आणि उठलो. ती म्हणाली, "जा ना." आणि टोपलीवर पळसाची पानं झाकू लागली. मी दहा पावलं गेलो, वीस गेलो, बांगड्यांच्या दुकानांपर्यंत पोचलो. हाक नाही. पुढच्या बाजारी तीच टोपली, तोच भाव, तेच "जा ना". तिसऱ्या बाजारी मी चिडून रहीमभाईंना पाठवलं आणि तिनं सांगितलेल्या भावानं माल घ्यायला लावला. ते हसत हसत परत आले.

"ते बाई भाव करतच नाई, भाऊ. सांगते फक्त."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं काही लिहायची पाळी आली नसती.

त्याच हंगामात पौषाच्या थंडीत जीपमधून एक गोरा साहेब आला. विलायतेतल्या एका कातड्याच्या कंपनीचा खरेदीदार. मुंबईच्या दलालांकडून दोन जहाजं काळा माल गेला होता, म्हणून फळ उगवतं कुठं ते बघायला तो थेट जंगलात आला होता. उंच, लाल मानेचा, सावकाश बोलणारा. बाजारातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव हिरडा साहेब ठेवलं. तो आमच्या खळ्यावर आला, गुडघ्यावर बसला आणि स्वतः दगड घेऊन फळं फोडू लागला. वीस-पंचवीस फोडली. सगळी पिवळी. मग त्यानं भाव सांगितला.

मी उठलो. धोतर झटकलं, चप्पल घातली, चालू लागलो. पाच. सात. दहा. हाक नाही. पंधरा. खळ्याच्या कडेच्या मोहाच्या झाडाशी पोचलो आणि झाडाची साल फार निरखून पाहू लागलो. मागं साहेब दुभाष्याला विचारत होता की या गृहस्थांना बरं वाटत नाही का. तेवढ्यात रहीमभाईंचा आवाज घुमला, "अवो वासुदेवभाऊ! चाय त पिऊन जा!" थोड्या वेळानं त्यांचीच दुसरी हाक. तेव्हा कुठं मी वळलो.

चहा पिताना मी साहेबाला सगळी रीत माझ्या नागपुरी इंग्रजीत समजावून सांगितली. तो इतका हसला की चहा सांडला. म्हणाला, "आमच्याकडे माणूस उठून गेला की आम्ही समजतो तो गेला." मीही हसलो. आता वाटतं, तेव्हा हसायला नको होतं. वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

तो आठ दिवस राहिला. भाव माझ्या मनाजोगा झाला. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. त्यांची कंपनी दरवर्षी एका तरुणाला तिकडच्या विद्यापीठात व्यापारशास्त्राच्या पदवीसाठी ठेवत असे. दोन वर्षं, सगळा खर्च त्यांचा, आणि परत आल्यावर त्या मुलखाची सगळी खरेदी त्याच्याकडे. "तुम्ही पोत्यावर बसून जे करता, ते वर्गात बसून शिकलात तर काय कराल?" असं तो म्हणाला. मग खिशातून शहराचा नकाशा काढला आणि निळ्या पेन्सिलीनं फुली मारली. महिन्याभरात रीतसर पत्र आलं. होळीच्या आसपास उत्तर मागितलं होतं.

ते दिवस मला अजून पूर्ण जागेपणी झाल्यासारखे वाटत नाहीत. मोहाची फुलं गळायला लागली होती. पहाटे जंगलभर तो गोड, जड वास पसरायचा आणि माणूस चालता चालता झोपेत शिरल्यासारखा व्हायचा. मी बंडीत पोत्यांवर उताणा पडून अहेरीहून यायचो. वर सागाची पानगळ झालेली, आभाळ उघडं. चाकांच्या करकरीत मला जहाजाचा भोंगा ऐकू यायचा. वैनगंगेवर सकाळी पातळ धुकं धरायचं, तेव्हा मी काठावर उभा राहून ती नदी म्हणजे तो कालवा, समोरची वाळू म्हणजे ती गुदामांची गल्ली, असं बघायचो. एकदा असाच उभा असताना एक नावाडी म्हणाला, "भाऊ, पलीकडं जायाचं हाय का?" मी म्हणालो, "तेच ठरवून राह्यलो." तो बराच वेळ नाव धरून थांबला बिचारा.

स्वप्नातून उठलो की तराजू. एका पारड्यात निळी फुली. दुसऱ्या पारड्यात माय, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ती मला पावलांवरून ओळखायची. मुलगी उषा, तीन वर्षांची. बायको सरू. आणि धंदा. चाळीस पाड्यांतल्या बाया माझा काटा ओळखत होत्या. एक हंगाम काटा हलला की तिथं दुसऱ्याचा काटा उभा राहतो, आणि दोन हंगाम म्हणजे सगळं नव्यानं. रहीमभाईंच्याने बंडीत चढवत नव्हतं. मायला विचारलं तर ती म्हणाली, "तू शिकला तवा मले इचारलं होतं का? आता काऊन इचारतं?"

राहिली सरू.

महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. चामोर्शीपर्यंत मोटार, पुढं बंडी. दर्शन झालं आणि आम्ही वाळूत जाऊन बसलो. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा तिथं उत्तरेला वळते. लोक म्हणतात देवाला बघायला वळली. उषा ओल्या वाळूचा ढीग करत होती. मी सगळं सांगितलं, नकाशाही काढून दाखवला. सरू नकाशा बघेना, माझ्याकडे बघत होती.

"किती लंबा हाय ते गाव?" तिनं विचारलं.

"जहाजानं तीन हप्ते."

"थंडी असंन."

"बर्फ पडते."

ती वाळूत बोटानं रेघा ओढत राहिली. देवळाकडून घंटा येत होत्या, पाण्यावर ऊन हलत होतं. मला वाटलं, आता ही म्हणेल, नका जाऊ. मी म्हणणार होतो, बघतो. मग ती म्हणेल, गेलात तर मलाही न्या. मी म्हणणार होतो, साहेबाला लिहितो. सगळा सौदा माझ्या डोक्यात मांडून तयार होता.

ती म्हणाली, "जा."

"जा म्हंजे?"

"जा म्हंजे जा. दोन वरसं त हायेत. मायचं मी पाहीन. उषाले मी पाहीन. धंद्याले रहीमभाई हायेत."

"तुले काहीच वाटत नाई?"

"मले काय वाटते ते तुमी इचारलंच कुठी? जाऊ का म्हणून इचारलं. मी जा म्हटलं."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, एवढी घाई झाली आहे का तुला मला घालवायची? आणखीही बोललो, ते लिहीत नाही. ती उठली, उषाला कडेवर घेतलं आणि जत्रेत गेली. मी पावलं मोजत बसलो. दहा झाली, पन्नास झाली, ती गर्दीत दिसेनाशी झाली. हाक मारायची माझी पाळी होती. ते मला तेव्हा कळलं नाही.

तासाभरानं ती परत आली ती काखेत एक जाडजूड काळी घोंगडी घेऊन. मेंढ्या पाळणारे कुरमार लोक विणतात तसली. मी विचारलं, कितीला घेतली. तिनं सांगितलं.

"नि भाव?"

"नाई केला."

"अवं, हिरड्याच्या व्यापाऱ्याची बायको तू! निम्म्यात आली असती. लुटलं तुले त्या कुरमारानं!"

"लुटू द्या," ती म्हणाली आणि बंडीत जाऊन बसली. पुढं ती घोंगडी मायच्या अंथरुणात गेली.

आठ दिवसांनी मी पत्र लिहिलं. लिहिलं असं की, माझी वृद्ध आई, माझी पत्नी आणि माझा व्यवसाय यांचा विचार करता मला येणं शक्य दिसत नाही. मला म्हणायचं होतं की पुढच्या वर्षीपासून घ्या, आणि बायको-मुलीचं जहाजाचं भाडं द्या. पण जो आपली मागणी आधी बोलतो तो सौद्यात हरतो. म्हणून मी उठलो, धोतर झटकलं, चप्पल घातली. फक्त या वेळी कागदावर.

रहीमभाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पान थुंकलं.

"भाऊ, हे चिठ्ठी हाय. बजार नोहे. साहेबाले तुमचं दहावं पाऊल दिसंन कसं? नि मी इथून चाय पिऊन जा म्हणून ओरडलो त आवाज तिथपर्यंत जाईन का?"

"त्याले मालूम हाय आपली रीत. मीच सांगितली त्याले."

"गुस्स्यात हाय तुमी. बाईवरचा गुस्सा साहेबावर काढून राह्यले. चार रोज थांबा."

मी त्याच दुपारी चालत जाऊन पत्र टाकलं. पेटीत पडताना झालेला आवाज अजून आठवतो. फार लहान आवाज होता.

उत्तर आलं तेव्हा मोहफुलं संपून ऊन पेटलं होतं. टंकलेलं, पाच-सहा ओळी. तुमच्या कुटुंबनिष्ठेबद्दल आम्हाला आदर वाटतो. तुमचा निर्णय आम्ही समजू शकतो. जागा मे महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवत आहोत, त्यानंतर दुसऱ्या उमेदवाराचा विचार होईल. खाली साहेबाची सही.

रहीमभाई जवळजवळ ओरडलेच, "हे हाक हाय, भाऊ! लिवा, आजच लिवा. तार करा!"

मी म्हणालो, "हाय. पण पयली हाय."

हसू नका. मी खरंच असं म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, छाती फुगवून म्हणालो. साहेबानं पहिली हाक मारली होती आणि माझी रीत मला सांगत होती की आता वळलास तर गरजू दिसशील, दुसरी येऊ दे. पूर्ण मे महिना मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. तो महिना कसा गेला सांगता येत नाही. दुपारी बाहेर चिटपाखरू नसायचं. मी ओसरीवर ओला पंचा डोक्यावर घेऊन पडायचो आणि त्या पुलावर जायचो. धुक्यातून समोरून कोणीतरी येतंय, हात वर करतंय, तोंड हलवतंय, असं दिसायचं. आवाज मात्र यायचा नाही. दारावरून टपालवाल्याची सायकल गेली की जाग यायची.

जूनमध्ये एक छापील कार्ड आलं. जागा भरली गेली आहे, आपल्या भावी आयुष्यास शुभेच्छा.

त्या दिवशी मी खळ्यावरची चार पोती लाथेनं उलटी केली. साहेबाला शिव्या घातल्या. अजून एक ओळ लिहायला त्याच्या बापाचं काय गेलं असतं? आठ दिवस माझ्या खळ्यावर बसून चहा पिणाऱ्या माणसाला एवढी रीत समजू नये? हा माझा राग खरा आहे. अजून आहे. तो माणूस भेटला तर अजून विचारेन.

पुढचं थोडक्यात. हिरडा काही वर्षं बरा चालला. मग तिकडे कातडं कमावायला दुसरे मसाले आले आणि मागणी आटली. आम्ही तेंदूपत्ता, बांबू, मोह असं करत राहिलो. चांगलं चाललं. माय नातवंडं हातानं चाचपून गेली. रहीमभाई चांद्यातच गेले. मरणाआधी मी भेटायला गेलो, तेव्हा निघताना दारापर्यंत पोचलो आणि मागून क्षीण आवाज आला, "चाय पिऊन जा." मी पहिल्याच हाकेला वळलो. तेवढं मला शिकता आलं.

आणि या सगळ्या वर्षांत मी लोकांना एक गोष्ट सांगत आलो. लग्नात, मोटारीत, तालुक्याच्या कचेरीत, जिथं कुणी बी.कॉम. होऊन इथंच कसे म्हणून विचारील तिथं. "विलायतेला निवड झाली होती माझी. पण घरच्यांसाठी राहिलो. बाई माणसाचं मन मोडवलं नाही." लोक मान हलवायचे. सरू आत पाणी भरत असायची. ती काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला कबूल आहे, असा माझा समज होता. व्यापारात तसंच असतं.

गेल्या वैशाखात आरमोरीला नातीचं लग्न होतं. जेवणं झाली, मांडवात पंगत उठून गप्पा बसल्या. चामोर्शीकडचे एक व्याही, चांगला हसरा माणूस, सरूला म्हणाले, "बाई, तुमी अडवलं नसतं त भाऊ आज मोठे साहेब असते. विलायतेत बंगला असता."

सगळे हसले. सरूनं हातातला पानाचा डबा खाली ठेवला.

"मी नाई अडवलं," ती म्हणाली.

"आता गोठ जुनी झाली, बाई—"

"जुनी झाली म्हणूनच सांगते. मार्कंड्याच्या वाळूत मले इचारलं, जाऊ का. मी जा म्हटलं. भाव नोता केला मी, सांगितलं होतं. राह्यले हे आपल्या मनानं, नि नाव माह्यं झालं. पस्तीस वरसं झाली, माह्यंच नाव सांगून राह्यले. इचारा यांले."

व्याही माझ्याकडे बघू लागले. मी उठलो. सवयच. धोतर झटकलं, चप्पल पायात सरकवली आणि मांडवाबाहेर चालू लागलो. पाच. सात. दहा. मागं दोनशे माणसं होती. कोणी हाक मारली नाही. हाक मारणारा आता कोणी उरलाच नव्हता. मी पाण्याच्या ड्रमापर्यंत पोचलो. शेजारी मोहाचं झाड होतं, म्हातारं. त्याच्या सालीकडे बघत उभा राहिलो, आणि कोवे आजी आठवली. टोपलीवर पानं झाकत बसलेली. काही माणसं भाव करतच नाहीत, सांगतात फक्त. मी आयुष्यभर अशाच एका माणसाच्या घरात जेवलो होतो.

मग मी वळलो. हाक न येता. मांडवात परत आलो आणि आपल्या खुर्चीवर बसलो. वाटलं होतं, लोक हसतील, किंमत जाईल. कोणाचं लक्षही नव्हतं, पानं वाटली जात होती. मी व्याह्यांना म्हणालो, "ते म्हणते ते खरं हाय. अडवलं नव्हतं." ते "असू द्या, असू द्या" म्हणाले. सरूनं माझ्यासाठी पान लावलं आणि न बघता पुढं केलं.

म्हणून हा लेख. वाघाचा नाही त्याबद्दल संपादकांनी माफ करावं. मांडवातली दोनशे माणसं पुरेशी नाहीत. मी पस्तीस वर्षं ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली, ते कुठं कुठं पसरले आहेत कोण जाणे. आरमोरी, अहेरी, चांदा, नागपूर. त्यातल्या कुणाच्या हातात हा अंक पडला तर त्यांनी दुरुस्ती करून घ्यावी. माझ्या बायकोनं मला अडवलं नव्हतं.

लेख संपला तो इथं. पण काल तो सरूला वाचून दाखवला, आणि आणखी थोडं लिहिणं भाग आहे. ती तांदूळ निवडत ऐकत होती. साहेब ऐकताना हसली, रहीमभाईंच्या ठिकाणी पदर डोळ्याला लावला. संपल्यावर मी विचारलं, "बराबर हाय सारं?"

"हाय. घोंगडीचं राह्यलं."

"लिवलं हाय ना. लुटलं तुले म्हटलं, तेही लिवलं."

"ते नाई. कायले घेतली ते नाई लिवलं."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"बर्फ पडते म्हटलं होतं ना तुमी."